बांधावरचा रूट

"मेल्यांनो, नांग्या मोडल्या तुमच्या!" बायजाकाकीने चिखलाचा गोळा गणराजच्या हातात दिला आणि खाडीकडे तोंड करून पुन्हा एकदा खेकड्यांचा उद्धार केला. "यवडा मोठा बांध, आनि सगला पोखरून ठेवला. बिळात पानी शिरलं की उधान थांबतंय व्हय?"

गणराजने गोळा पुढच्या माणसाकडे सरकवला. मान वर केली नाही.

भरती यायच्या आत बांधाला पडलेली खांड बुजवायची होती. श्रावणातल्या पुनवेच्या उधाणाने खारबांध फुटला होता आणि खाडीचं पाणी थेट काकीच्या शेतात घुसलं होतं. नुकतं मूळ धरलेलं भात दोन-तीन दिवसांत पिवळं पडलं. खारं पाणी एकदा जमिनीत मुरलं की एक-दोन पावसाळे तिथे दाणा येत नाही. काकी एकटी बाई, मूलबाळ नाही, आणि त्या शेताशिवाय तिच्या चुलीला दुसरा आधार नाही. गावाच्या रिवाजाप्रमाणे घरटी एक माणूस बांधावर आला होता. रविवार म्हणून गणराजही अलिबागहून आला होता. कचेरीतला कारकून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रांगेत उभा. काकीला कोण कौतुक! "माजा पुतन्या बगा. हापिसातला मानूस, पन चिखलाला लाजत न्हाय."

चिखलाला नव्हताच लाजत. पण लाजेने त्याचा जीव सकाळपासून अर्धा झाला होता. बांध खेकड्यांनी फोडला नव्हता. बांध त्याने फोडला होता.

गणराज म्हात्रे हा तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस. कचेरीत टपालाची आवक-जावक बघायची, आणि घरात त्याच्या मताला आमटीतल्या कढीपत्त्याएवढा मान. दोन वर्षांपूर्वी तो एका सायकल ग्रुपमध्ये शिरला आणि संध्याकाळी लॅपटॉपवर नकाशे उघडून रूट आखायला लागला. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी 'सर' म्हणालं. चढ कुठे, सावली कुठे, चहाची टपरी कुठे, सगळं बघून तो माउसने ठिपक्यामागे ठिपका टाकत रेघ ओढायचा, आणि रविवारी भलीभली डॉक्टर-इंजिनियर मंडळी मुकाट त्या रेघेवरून जायची. माणसाला चढायला एवढं पुरतं.

काशीदचे रूट झाले, रेवदंड्याचे झाले. लोकांना काहीतरी नवीन हवं होतं. अशात एके दिवशी उपग्रहाच्या चित्रात त्याला आपल्याच गावचा बांध दिसला. खाडीला बिलगून गेलेली पांढरी, कोरडी, सरळ पट्टी. गडी खूश! त्याने तिच्यावरून रूट ओढला आणि 'खाडीकाठची गुप्त वाट' असं झोकदार नावही देऊन टाकलं.

ते चित्र कुठल्यातरी जुन्या उन्हाळ्यातलं होतं. यंदाच्या मे महिन्यात गावाने बांधावर ओला चिखल चढवला होता, आणि गणराजला त्याचा पत्ता नव्हता. कारण घरटी माणूस पाठवा असा निरोप आला, तेव्हा कशासाठी हेही न विचारता, ऑफिसात काम आहे म्हणून त्याने अंग काढून घेतलं होतं.

पुढच्याच रविवारी तांबडं फुटताना तो ग्रुप घेऊन बांधावर चढला आणि सायकलचं पुढचं चाक मऊ चिखलात रुतलं. त्याला तत्काळ कळलं. तो याच बांधावर लहानाचा मोठा झाला होता. नवा चिखल सुकेपर्यंत तिथे शेळीसुद्धा फिरकू देत नाहीत. तिथल्या तिथे मागे फिरायला हवं होतं. पण मागून डॉक्टर हर्षद ओरडले, "सर, काय रूट शोधलाय! मानलं तुम्हाला!" आणि माझा नकाशा चुकला, हे म्हणायची गणराजला लाज वाटली. तेवढ्याशा लाजेपायी सगळ्या सायकली बांधावरून गेल्या.

त्याने रूट सगळ्यांसाठी खुला केला. मग दर रविवारी कोण कुठले लोक येऊ लागले. चाकांनी चर पडला, पावसात त्याची घळ झाली, आणि उधाणाचं पाणी नेमकं त्या घळीतून आत उतरलं. खांड पडल्याचं कळलं त्या दिवशी तो रूट पुसायला बसला होता. पण ग्रुपवर का म्हणून विचारतील, आणि मग काय सांगायचं? त्याने लॅपटॉप मिटला.

"गणू, ती कोन रं?" काकीने विचारलं.

बांधावरून चार सायकली येत होत्या. पुढच्या मुलीने खांडीजवळ येऊन ब्रेक दाबला. "अरे बापरे! इथे रस्ता होता ना?"

"रस्ता कुटला, बाय? ह्यो खारबांध हाय."

"पण मॅपवर दाखवतोय, मावशी. हे बघा. इथल्याच कुणीतरी टाकलाय. लोकांनी तर खूप कौतुक केलंय त्याचं."

रांग थांबली. खाली खांडीत, कमरेइतक्या पाण्यात उभे असलेले म्हातारे सदूनाना वर बघत म्हणाले, "आपल्या बांधावरून सायकली? कोनाचं डोकं ह्ये?"

काकीने पदराला हात पुसले, मुलीच्या हातातला फोन घेतला आणि गणराजपुढे धरला. "वाच रं. नाव सांग मेल्याचं. त्याच्या दारात जाऊन उभी ऱ्हाते."

पडद्यावर त्याचाच फोटो होता, हेल्मेट आणि गॉगल घातलेला. काकीने ओळखला नसता. चष्मा आणला नाही, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. त्याने तोंड उघडलं, आणि ते खोटं काही केल्या बाहेर येईना.

"गणराज म्हात्रे," तो म्हणाला.

काकी हसली. "आपला गणराज तं तू. ह्यो दुसरा कंचा?"

"दुसरा नाही, काकी. मीच."

सदूनाना बांधावरच्या चाकांच्या चराकडे बघत राहिले. काकीने फोन मुलीला परत दिला.

"म्हंजी सकालधरनं मी खेकड्यांना शिव्या घालते," ती हळू आवाजात म्हणाली, "आनि तू बाजूला उभा राहून आयकतोस?"

ती ओरडली असती तर त्याला सोसलं असतं. "काकी, मला सांगायचं होतं..."

"शेत गेलं त्ये गेलं रं," काकी म्हणाली आणि पुढचा गोळा उचलून त्याला ओलांडून पलीकडच्या माणसाला दिला.

मुलगी अवघडून उभी होती. "मावशी, आम्हाला खरंच माहीत नव्हतं."

"तुमाला काय ठावं असनार, बाय? तुमी पावनी. जावा मागारी, पानी चढल."

मुलीने बांधाकडे पाहिलं, आल्या वाटेवरच्या आपल्या चाकांच्या खुणांकडे पाहिलं. मग खाली बसून तिने बूट काढले, ते गळ्यात अडकवले आणि सायकल उचलून खांद्यावर घेतली. मागच्या तिघांनीही काही न विचारता तसंच केलं. चौघं एकामागोमाग, अनवाणी, पाय जपून टाकत बांधावरून परत निघाली.

ती पार वळणाआड जाईपर्यंत काकी त्यांच्याकडे बघत होती. गणराजला बघवेना. तो खांडीत उतरला आणि सदूनानांना म्हणाला, "नाना, तुम्ही वर जा." नाना वर गेले.