थर्लसीचं दार

"ऐका, पण विश्वास ठेवू नका. तुमच्यानं ठेवलाच जाणार नाही!"

एवढं बोलून विल्फ थर्लसीनं ढकलगाडीवरून आणलेलं दार धाडकन सभागृहाच्या भिंतीला टेकवलं. टेबलावरचे चहाचे कप खडखडले. दार ओक लाकडाचं, खाऱ्या वाऱ्यानं पांढुरकं पडलेलं. विल्फचं वय एक्क्याऐंशी, गुडघे बोलणारे, तरी हे धूड तो चढावरून एकटा ढकलत आला होता. रागाला कुठलं आलंय वय!

आणि राग यावा असंच घडलं होतं. इथला कडा दर हिवाळ्यात ढासळतो. शेकडो वर्षांत त्यानं एकेक गाव समुद्राच्या घशात घातलं. त्या गावांची नावं दगडावर कोरायचं समितीनं ठरवलं. अकरा कोरून झाली, त्यात थर्लसी नाही. का, तर कुठल्याच नकाशात असं गाव सापडत नाही!

"सापडेल कसं? ते पाण्याखाली आहे!" विल्फ कडाडला. "तीन झोपड्यांचं एक गाव होतं, तेही कोरलंत. आणि माझं आडनाव काय मी जत्रेत नेम मारून जिंकलं? अख्ख्या इंग्लंडात हे नाव लावणारी दोनच माणसं उरलीत. मी आणि ही मॅज."

"मला मध्ये ओढू नकोस," कोपऱ्यात विणत बसलेली त्याची धाकटी बहीण मान वर न करता म्हणाली.

दोघांनाही मूलबाळ नव्हतं. आज दगडावर आलं नाही, तर हे नाव दोन थडग्यांवर संपणार होतं. आणि दफनभूमीसुद्धा कड्यापासून जेमतेम चाळीस पावलांवर.

"आडनावं कशावरूनही पडतात, विल्फ," अध्यक्षा बूथमनबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "कुणाच्या धंद्यावरून, कुणाच्या नाकावरून."

"नाकावरून? बाई, माणूस आपल्या गावात असतो तोवर त्याला गावाच्या नावानं कोण हाक मारतं? तिथं सगळे तिथलेच. गाव सुटलं की नाव चिकटतं. आमचं तर सुटलं नाही, बुडालं!"

"दगड उद्या सकाळी बसवायचाय," पाथरवट डग केक चावत म्हणाला. "खाली एका ओळीची जागा आहे. काय ते लवकर ठरवा."

विल्फनं घसा साफ केला. मग त्यानं सांगितलं ते असं. समुद्र थर्लसीच्या चर्चमध्ये शिरला तो नेमका प्रवचनाच्या वेळी. पाद्री हट्टी, थांबेना. पाणी चढलं तशी माणसं बाकांवर उभी राहिली. बाप्तिस्म्याच्या कुंडात हेरिंग मासे फिरू लागले, आणि एक तर प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन' म्हणाला.

"मासा?" डगनं विचारलं.

"हेरिंग. कॉड असता तर मीही विश्वास ठेवला नसता." विल्फ पुढे सरसावला. "शेवटी उरला आमचा राल्फ. त्यानं चर्चचं दार उचकटलं, त्यावर आडवा झाला, आणि मेणबत्त्या खात तीन दिवस तरंगला. इथं लागला तेव्हा लोकांनी विचारलं, 'कुठला रे तू?' म्हणाला, 'थर्लसीचा.' झालं! तेच नाव. आणि हेच ते दार!"

कुणी हसलं नाही. या किनाऱ्यावर घर पडतं, दार पडत नाही. कडा जवळ आला की लोक आधी दारं, चौकटी, तुळया काढून किनाऱ्यापासून आत नेतात आणि नव्या घराला लावतात. खाटकाच्या दुकानाचं दार बुडालेल्या शाळेचं होतं. खुद्द बूथमनबाईंच्या स्वयंपाकघराला वाहून गेलेल्या खानावळीचं दार होतं. दार खोटं बोलत नाही, असं इथले लोक मानतात.

बाईंनी लाकडावरून बोटं फिरवली. "जुनं तर आहे. मागची बाजू बघू."

"मागं काय बघायचंय! नुसती वाळवी," म्हणत विल्फ दाराला पाठ लावून उभाच राहिला. "चौदा पिढ्या हे दार आम्ही सांभाळलं, आणि तुम्ही कागद मागता? लाज वाटायला हवी! कागद समुद्र खातो. हे त्याला चावता आलं नाही."

बूथमनबाईंनी उसासा टाकला, पेन्सिल उचलली. "डग, मला वाटतं ती शेवटची ओळ..."

 डगनं वही उघडली.

तेवढ्यात विणकामाच्या सुया खाली पडल्या.

"थापाड्या!" मॅज उभी राहिली होती, लालबुंद. "आपलं नाव दगडावर यायचं तर यावं, नाहीतर जावं समुद्रात. पण या दाराच्या जिवावर नको! कड्यावरून जेन आत्याचं घर गेलं तेव्हा बाबांनी तिच्या संडासाचं दार काढून आपल्या संडासाला लावलं होतं. हेच ते! मागं फिरवा म्हणते मी! नऊ वर्षांची असताना आत बसून मी खिळ्यानं कोरलंय त्यावर: 'विल्फ थर्लसी खोटं बोलतो'!"