वारेच्या भिंतीतला जुना पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना विषाणू आहे. लगेच नाकाला रुमाल लावू नका. मला आता साधी शिंकसुद्धा आणता येत नाही. मी राहतो तुमच्यातच, पेशीच्या गाभ्यात, डीएनए नावाच्या लांबलचक धाग्यावर. तिथे सगळं ऊबदार आणि अंधारं असतं. धागा हळूच उलगडतो, पुन्हा मिटतो, जणू कुणी झोपेत गुणगुणतंय.

माणूस नावाचा प्राणी अजून व्हायचा होता, तेव्हाची गोष्ट. झाडावर राहणाऱ्या तुमच्या कुणा पूर्वजाच्या अंगात मी शिरलो आणि वाट चुकून थेट बीजपेशीत पोचलो. तिथल्या धाग्यात माझी ओळ विणली गेली ती कायमची. आईकडून लेकराकडे, लेकराकडून नातवाकडे, असा मी वाहत आलो. वाटेत बाहेर पडायची विद्या विसरलो. विद्वानांनी पहिल्यांदा तो धागा वाचला, तेव्हा माझ्यासारख्यांना ‘कचरा’ म्हणून बाजूला सारलं. वाईट वाटलं हो! पण ज्या दयाळू धन्याने हा देह रचला, त्याच्या घरी चिंधीसुद्धा वाया जात नाही. पेशीला पेशी चिकटवायची माझी जुनी कला त्याने कामाला लावली. आईच्या पोटात बाळाभोवती जी वार असते, तिच्या भिंतीतल्या पेशी एकजीव करायला मी हातभार लावतो. त्या भिंतीतून आईचं पोषण आत जातं, आणि पुष्कळसे रोग बाहेरच थांबतात.

अशीच एक भिंत मी काच फुंकणाऱ्या एका घरातल्या सुनेच्या पोटात राखत होतो. मी तिच्या कानाच्या पेशीतही आहे ना, म्हणून सगळं ऐकलं.

त्या घराची एक रीत होती. मोठी बरणी फुंकायची तर घरातल्या प्रत्येकाने तिच्यात आपला श्वास घालायचा. लोखंडी नळीच्या टोकाला लालबुंद काच, आणि नळी या तोंडातून त्या तोंडात. त्या दिवशी सासऱ्यांचं नाक वाहत होतं, अंग कणकणत होतं.

“बाबा, नळी पुसून तरी द्या,” सून म्हणाली.

“पुसत बसलो तर काच गार होईल, सूनबाई. आणि ही सर्दी वाऱ्याची आहे. काल खिडकी कुणी उघडी टाकली होती?”

“मीच,” नवरा म्हणाला. “भट्टीपुढे माणूस भाजून निघतो.”

“तू भाजून निघ, पण माझ्या काचेला वारा लागला तर तडकते! बंद कर सगळ्या. हं, सूनबाई, शेवटची फुंकर तुझी. बाळाचाही श्वास येऊ दे बरणीत.”

सासऱ्यांची माया खरी होती, पण समजूत चुकीची. मित्रांनो, सर्दी-ताप खिडकीतून चालत येत नाहीत. ते येतात दुसऱ्याच्या खोकल्यातून, उष्ट्या नळीतून, न धुतलेल्या हातातून. आणि कोंडलेल्या खोलीत तर त्यांचं फावतंच. सुनेने मान राखायला फुंकर घातली आणि फ्लूचा कोवळा विषाणू तिच्या घशात उतरला.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती तापाने फणफणली. श्वास लागला, तसं तिला दवाखान्यात नेलं. आठवा महिना होता. बाहेर रक्ताचा प्रवाह कढत झाला होता आणि आत बाळ एखाद्या स्वप्नासारखं तरंगत होतं. मला एकच धास्ती होती. विषाणू भिंतीपाशी अडला, तरी आईचा श्वास अपुरा पडला तर बाळाला प्राणवायू कुठून मिळणार? माझं त्यावर काहीच चालत नव्हतं. मी भिंतीत नुसता जागा राहिलो, आणि मला येतं ते एवढंच नामस्मरण करत राहिलो: धर, सोडू नकोस, धर, सोडू नकोस.

डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, प्राणवायू लावला. ताप उतरू लागला, पण दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. सकाळच्या कोवळ्या उन्हात मुलगी झाली. इवलीशी, पण आवाज खणखणीत. वारेचं काम संपलं. परिचारिकेने ती वार बाजूला ठेवली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. मला त्याचं दुःख नाही. मी त्या मुलीच्या पेशीपेशीत होतोच की.

सासरे दारात उभे होते, डॉक्टरीणबाईंनी समजावलं तसं तोंडावर फडकं बांधून.

“या ना आजोबा,” परिचारिका म्हणाली. “लांबून बघा नात.”

“नको बाई. अजून खोकला आहे मला.” त्यांनी फडकं नाकावर नीट ओढून घेतलं. “तिला सांगा, आजोबा बरे झाले की येतील. हात धुऊन येतील.”

मित्रांनो, तुमच्या आत आम्ही किती जुने पाहुणे मुकाट्याने नांदतो आहोत. नव्या पाहुण्यांना मात्र सबुरीने वागायला तुम्हीच शिकवा. खोकला असेल तर तोंड झाका, उष्टं देऊ नका, घरात वारा खेळू द्या. आणि ज्याच्यावर फार माया आहे, त्याच्याकडे जाताना बरे होईपर्यंत दारातच थांबा. दारात थांबणंही एक प्रकारचं कुशीत घेणंच असतं.