यादीत नसलेलं झुडूप

रोपवाटिकेच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या फुलांच्या झुडपाला माळीबुवा पाणी घालत नसत. माळ्यानेच झाड उपाशी ठेवावं, म्हणजे कमालच झाली, असं गिऱ्हाइकं म्हणायची. पण ते झुडूप होतं वाळूच्या कोरड्या रानातलं. बुवांच्या बायकोने तिथून वाळूसकट उचलून आणलेलं. आता बायको राहिली नव्हती आणि रानही नव्हतं. तिथली वाळू ट्रकांनी वाहून नेली. झुडपाची फांदी लावून जगत नव्हती, बी रुजत नव्हतं. उरलं होतं ते एवढंच.

बुवांच्या छातीत पाणी झालं आणि तीन आठवडे इस्पितळात काढावे लागले. परगावी शिवणकाम करणारी लेक मशीन बंद ठेवून धावत आली. बुवांनी पडल्यापडल्या तिला यादी लिहून दिली, कुठल्या वाफ्याला किती झाऱ्या पाणी. कोपऱ्यातलं झुडूप त्यात नव्हतं. ज्याला पाणीच नाही ते पाण्याच्या यादीत कशाला येईल? चाळीस वर्षांच्या माळ्याला यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

घरी परतले त्या दिवशी लेक त्यांना हाताला धरून थेट कोपऱ्यात घेऊन गेली.

"बाबा, तापाच्या भरात तुम्ही आईचंच झाड विसरलात. मी नाही विसरले. रोज दोन वेळा पाणी घातलं, शेणखतही दिलं. बघा तरी."

झुडूप फुलांनी लगडलं होतं. पान दिसत नव्हतं. खाली वाकून बुवांनी बुंधा दाबला, तर साल ओल्या कागदासारखी बोटांना चिकटून आली. मुळं कुजल्याचा आंबट वास आला. मरायला टेकलेलं झाड असंच अंगात असेल नसेल ते उधळून टाकतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. अति तेथे माती म्हणतात ते काही खोटं नाही.

"आई म्हणायची ना, हिने हात लावला की झाड वाळतं," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आज ती असायला हवी होती. आहे ना माझ्या हाताला गुण?"

बुवांना रडू येत होतं. त्यांनी बोटं सदऱ्याला पुसली.

"आहे गं," ते म्हणाले.

लेकीने झारी उचलली. त्यांनी तिला अडवलं नाही.