पाळण्याला ठाऊक असलेलं नाव

मित्रांनो, मी पालघरजवळच्या मुरबे गावातला एक जुना पाळणा आहे. होडी बांधून उरलेल्या सागाच्या फळ्यांतून दामूच्या बापाने मला करवून घेतलं. माझ्यात आधी दामू निजला, मग त्याचा मुलगा सुजीत. शिवाय शेजारी कोणाला नाही म्हणायची आमच्या घराला सवय नाही, त्यामुळे अर्ध्या गल्लीची पोरं मी जोजवली. कड्या झिजल्या, पाठ दुखते, पण विचारतो कोण?

पूर्वी नावाचा घोळ नसे. आजोबांचं नाव नातवाला, आजीचं नातीला. आत्या वाकून बाळाच्या कानात कुर्र करायची, बायका तिच्या पाठीत धपाटे घालायच्या, घुगऱ्या वाटल्या की झालं बारसं.

यंदा सुजीतला मुलगी झाली. तो बोईसरला कारखान्यात जातो. त्याला आणि त्याच्या बायकोला, रुचिताला, गावात कोणाचंच नसेल असं नाव हवं होतं. बाराव्या दिवसापर्यंत सापडलं नाही, म्हणून बारसं सव्वा महिन्यावर गेलं. दोघं माझ्या दोन बाजूंना बसून मोबाइलवर नावं वाचायची. शेकडो नावं ऐकून माझं डोकं उठलं. शेवटी एक ठरलं: इधिका.

"आईला सांगायचं?" रुचिताने विचारलं.

"नको. तिच्या तोंडात तीळ भिजत नाय. बाजारात सांगंल, नि बारशाआधी दुसरंच कोन ठेवंल."

आई म्हणजे जमना, दामूची बायको. जन्मभर टोपली घेऊन पालघरच्या बाजारात बसलेली. दामू गेल्यापासून तिने खाट धरली होती. छातीत कफ, धड श्वास पुरत नव्हता. ती रोज विचारायची, "नाव काय ठेवता रे? मला एकदा हाक मारू दे पोरीला."

"बारशाला कळंल गो आई," सुजीत म्हणायचा.

घरात कोणी नसलं की ती माझी दोरी ओढत मलाच विचारायची, "तुला तरी ठाव हाय काय रे?"

मला ठाऊक होतं. मी नुसता करकरलो. लाकडाच्या जन्माचा इतका कंटाळा मला कधी आला नव्हता.

बारशाला चार दिवस उरले असताना पहाटे जमना गेली.

सुतक फिटल्यावर बारसं झालं. भाविका आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, पण तिच्या पाठीत धपाटे घालायला कोणाचा हात उठेना. सुजीत आत आलाच नाही. ओट्यावर बसून म्हणत होता, "तिला सांगाय पायजे होतं." मला त्याचा राग आला होता. पण तोही माझ्यातच वाढलेला, किती दिवस रागावणार?

पुढच्याच महिन्यात गल्लीतल्या विपुलने आपल्या मुलीचं नाव इधिका ठेवलं. आता एका गल्लीत दोन इधिका आहेत, आणि कोणाचं काहीही बिघडलेलं नाही.

मित्रांनो, मी थकलो आहे, जास्त बोलवत नाही. नाव हवं तेवढं शोधा. पण सापडलं की आधी खाटेवरच्या माणसाला सांगा. माझ्यासारख्या लाकडाला सांगून काय उपयोग?