येते म्हणायचं असतं

"मॅडम, मी आता जाते," असं मी म्हणाले आणि हॉल एका टेबलाने लांब झाला.

कुणी दचकलं नाही. नवं टेबल बाकीच्यांसारखंच होतं. पांढरी चादर, पाण्याच्या बाटल्या, पेपरमिंटची वाटी. दार तेवढं मागे सरकलं. दाराजवळच्या सोफ्यांवर आमचे सगळे साहेब चहा पीत बसले होते, ते जरा लहान दिसायला लागले.

"बघू हं," टिपणीस मॅडम हसून म्हणाल्या. स्वीय सहायकांची ही कार्यशाळा त्याच घेत होत्या. सकाळचा पहिला धडा होता, चांगली सहायक कधी 'नाही' म्हणत नाही, 'बघते' म्हणते. दुसरा, साहेबांच्या आधी उठायचं नाही.

माझी चिमी आठ महिन्यांची. पाळणाघरात आज तिचा पहिलाच दिवस. मी टेबलाखाली वाकून फोन लावला.

"दूध प्यायली का हो, काकू?"

"दूध कसलं, वरणभात खाल्लाय तिनं," उपासनी काकू म्हणाल्या. "दात आलेत की. चावते म्हणून सांगायचं नाही का गं?"

सकाळी तिला एकही दात नव्हता. मी रोज हिरडीवरून बोट फिरवून बघते.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरची एक मुलगी उठली. "मॅडम, जाऊ का मी? सासूबाई एकट्या आहेत घरी."

"बघू हं."

हॉल लांबला. मी पुन्हा फोन लावला. चिमी आता चालत होती आणि काकूंचं मांजर तिला घाबरून कपाटावर बसलं होतं.

"नवीन दिसतेस," शेजारच्या सुलभाताई गायधनी म्हणाल्या. त्यांचे केस पांढरेशुभ्र होते, पण छातीवरचा नावाचा बिल्ला माझ्यासारखाच कोरा करकरीत. "मी आले तेव्हा माझ्या खुर्चीवरून दाराची कडी दिसायची."

"घरी कोण असतं तुमच्या?"

"मुलगा होता. बालवाडीत. परवा आजोबा झाला म्हणे."

त्यांनी पेपरमिंटची वाटी माझ्याकडे सरकवली. पान्हा फुटून माझा ब्लाउज ओला झाला होता. मी उभी राहिले आणि ओरडले, "मी जाते! मी जातेच!"

टेबलांवर टेबलं आली. साहेब कपाएवढे झाले, मग साखरेच्या दाण्याएवढे. फोन माझ्या हातातच वाजला.

"गणवेश घालून बसलीय दोन वेण्यांत," काकू म्हणाल्या. "पाढे म्हणतेय. आणि मध्येच विचारते, आई म्हणजे कोण? काय सांगू तिला?"

"काकू, मी जाते म्हटलं ना मघाशी, मी..."

"परत तेच! सकाळी पायरीवरसुद्धा तसंच म्हणालीस. जाते नाही गं, येते म्हणायचं असतं."

सकाळी काकूंनी हे मला बजावलं होतं, पण तोवर मी रिक्षात बसलेली होते.

मी फोन खाली ठेवला. पदर सारखा केला.

"येते," मी म्हणाले.

समोरचं टेबल गेलं. त्यावरची पेपरमिंटची वाटी माझ्या मांडीवर राहिली.

"कुठून येतेस?" टिपणीस मॅडमनी विचारलं. "तू तर इथंच आहेस."

"येते, मॅडम."

अजून एक टेबल गेलं. मॅडमनी 'बघू' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. जाणाऱ्याला थांबवता येतं. येणाऱ्याला काय म्हणणार?

सासूबाईवाली मुलगी उठली. "येते हं." मागून कुणीतरी म्हणालं, "येते गं बाई!" मग सगळा हॉलच बोलायला लागला. येते, येते, येते. लग्नघरात निघताना उडतो तसा गलका. टेबलं पत्त्यांसारखी मिटत गेली. सुलभाताई शेवटी उठल्या, दोन्ही हात टेबलावर टेकून. "बाळा, येते रे," त्या म्हणाल्या आणि त्यांचे केस भांगापासून टोकापर्यंत काळे होत गेले.

सोफे साहेबांसकट धावत जवळ आले. आमचे कारखानीस साहेब माझ्यासमोर पूर्ण आकारात थांबले. त्यांचा कप हिंदकळत होता.

"अहो मृदुला, आणि माझं उद्याचं? दिल्लीचं विमान? दुपारचे पाहुणे?"

"बघते, साहेब," मी म्हणाले.

टिपणीस मॅडमनी नकळत टाळी वाजवली. इतकं चोख 'बघते' दिवसभरात कुणालाच जमलं नव्हतं. टाळी सगळ्यांनी उचलली. साहेबांनीही कप मांडीवर ठेवून ती वाजवली, कारण बाकीचे वाजवत होते. दार माझ्या नाकासमोर होतं. मी कडी काढली.

पलीकडे पाळणाघराची पायरी होती. काकू आतून म्हणाल्या, "आली बघ कोण!"

चिमी चौकट धरून उभी होती. झबलं सकाळचंच होतं. एका पायात शाळेचा काळा बूट होता, दुसरा पाय अनवाणी. तोंड गच्च मिटलेलं, त्यामुळे दात आहेत की नाहीत ते कळेना. मी पायरीखाली बसले आणि दोन्ही हात पसरले.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या रस्त्याकडे पाहिलं.

"येते," ती म्हणाली. मी ऐकलेला तिचा पहिला शब्द. आणि चौकट सोडून तिनं बुटाचा पाय उचलला.