खोडलेल्या शब्दाखालची टिंबे

मित्रांनो, लाल पेन दिसले की तुम्ही वही पाठीमागे लपवता, हे मला चांगले ठाऊक आहे. मीही तसलेच एक जुने लाल पेन. महाप्याच्या एका कारखान्यात जन्मले आणि नेरूळच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या सुचित्राबाईंच्या हाती पडले. कितीतरी रिफिली बदलल्या, टोपणाला चीर गेली, पण नको तिथे नाक खुपसायची माझी खोड काही गेली नाही.

कॉलेजातले सगळे विभाग आपापले इंग्रजी लेख तपासायला बाईंकडेच आणत. त्यामुळे मला फार गमती कळल्या. रसायनशास्त्राच्या लेखात द्रावण तापवले जाई, गाळले जाई, पण ते करणारे माणूस कुठेच नसे. जणू प्रयोगशाळेत भुताटकीच चालली आहे! गणितवाले मात्र 'वी, वी', म्हणजे 'आपण, आपण', म्हणत वाचणाऱ्याचे बोट धरून चालत. कायद्याचे एक वाक्य संपेपर्यंत माझी शाई वाळायची वेळ येई. त्यात प्रत्येकाची घरची भाषा मधूनच डोकावायची. मराठीतला 'च' इंग्रजीत 'ओन्ली' होऊन यायचा. नामाआधी येणारा इंग्रजी 'द' तर आपल्या भाषांत नाहीच. मग कोणी तो मिठासारखा सगळीकडे भुरभुरवी, तर कोणी साफ विसरून जाई. एकच इंग्रजी, पण प्रत्येक कागदावर मला निराळेच भेटे. "बाईंच्या पेनाखालून गेलेला लेख परत येत नाही," असे प्राध्यापक म्हणत, तेव्हा मी टोपणात फुगून बसे.

पुढे दुरुस्त्या संगणकावर होऊ लागल्या आणि माझी रवानगी टेबलावरच्या फुटक्या कपात झाली. मला कोणी विचारीना. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

एके दुपारी अफिफा छापील कागद घेऊन आली. ती समाजशास्त्राची संशोधक, सानपाड्यात खोली घेऊन राहणारी, मूळची उरणकडच्या खाडीकाठची. आपल्याच गावात चिखलातून कालवे, म्हणजे खायचे शिंपले, काढणाऱ्या बायकांवर तिने लेख लिहिला होता. 'हे वी म्हणजे कोण?' असे विचारून नियतकालिकाने तो परत पाठवला होता. संध्याकाळपर्यंत सुधारून द्यायचा होता, नाहीतर तिची पीएचडी अडकणार होती.

बाईंनी कपातून मला उचलले. पाणी काळे झाले तेव्हा 'वी' खाडीत जायचे थांबलो, असे एक वाक्य होते. बाईंनी 'वी'वर काट मारून वर 'आय' लिहिले.

"काम तू एकटीनेच केलंस ना? मग लिही की बिनधास्त 'आय'. मी-मी करू नये हे घरी ठीक आहे."

"पण मॅडम, मी कधी खाडीत उतरलेच नाही," अफिफा म्हणाली. "अम्मी उतरायची, शेजारची गोजरामावशी उतरायची. ते खोटं होईल ना."

"अगं, मग 'दे' कर. सिंपल आहे."

मी कागदाला टेकणार, तोच अफिफाने वाक्यावर हात ठेवला.

"मॅडम, अम्मीला 'त्या' म्हणू? तिने कालवं विकून मला शिकवलं. आणि मी लांबून बघितल्यासारखं लिहू?"

बाईंनी मला कागदापासून दूर घेतले. मग हळूच म्हणाल्या, "माझं चुकलं. जिथे तू प्रश्न विचारलेस, तिथे 'आय'. जिथे गाव बोलतंय, तिथे 'वी'. आणि त्या 'वी'त कोण कोण आहे, ते पहिल्याच परिच्छेदात सांगून टाक."

खोडलेल्या शब्दाखाली टिंबे दिली की तो शब्द राहू द्यायचा, असा मुद्रितशोधकांचा संकेत असतो. बाईंनी माझ्याकडून 'वी'खाली टिंबे देववली. आयुष्यभर मी शब्द काढून घेत आले होते. त्या दिवशी एक शब्द परत देताना मला फार आनंद झाला.

लेख छापून आला. अफिफा आपल्या अम्मीला, सलिमाबींना, घेऊन बाईंना भेटायला आली. सलिमाबींना इंग्रजी वाचता येत नाही. पानावरून हात फिरवत त्यांनी विचारले, "यात मी कुठं हाय गो?"

अफिफाने त्यांचे बोट धरून 'वी'वर ठेवले.

"हे बघ, अम्मी. इथे आपण आहोत."

सलिमाबींनी ते बोट लवकर उचललेच नाही.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधीतरी लाल पेन येईल. चुका जरूर खोडा, माझा जन्मच त्यासाठी आहे. पण एखादा शब्द खटकला, तर काट मारण्याआधी लिहिणाऱ्याला तेवढे विचारा. त्या एवढ्याशा शब्दात कुणाची तरी आई असते.