चुलीपुढची जागा

घाण वासाचं मला काही सांगू नका. जमिनीत सडलेल्या बटाट्यांच्या वासात मी तीन महिने काढलेत. खणायला गेलं की हाताला काळा लगदा लागायचा, धुतला तरी वास जायचा नाही. त्याहून किळस यायची ती लोण्याची पिंपं भरून बंदराकडे निघालेल्या गाड्यांची. आमच्याच गावचं लोणी, आणि आम्ही हात लावू नये म्हणून सोबत बंदूकवाले शिपाई! ओट पिकवून खंडापोटी जमीनदाराला द्यायचे आणि आपण बटाटे खायचे, असंच चालत आलेलं. त्या वर्षी बटाटे गेले, म्हणून ओट आम्ही खाल्ले. एवढाच आमचा गुन्हा.

नोव्हेंबरात खंड थकला, घर खाली करा म्हणत जमीनदाराचा कारभारी दारात आला. माझा नवरा डोनख तापाने फणफणलेला. मी म्हटलं, ताप उतरेपर्यंत आठ दिवस द्या. तो नाकाला रुमाल लावून म्हणाला, उद्या माणसं येतील, चूल विझली की घर रिकामं झालं असं धरायचं. मेल्याला आमचा वास सोसवत नव्हता. आमचं लोणी बरं सोसवत होतं!

आमच्याकडे चूल विझू देत नाहीत. रात्री निखारे राखेत पुरायचे, सकाळी उकरून फुंकायचे. ती आग माझ्या सासूच्या सासूची. डोनखची हुडहुडी तिच्यापुढेच काय ती थांबायची. म्हणून मी ठरवलं, चुलीला अगदी चिकटून बसायचं. बाईमाणसाला ओढून काढायला गावातला कोण धजावणार?

सकाळी पहारी घेऊन सहा जण आले. परका एकही नव्हता. मक्याच्या पिठाची लालूच दाखवून कारभाऱ्याने आमच्यातलेच उचलले होते. पुढे पाण्याची बादली घेऊन माझा सख्खा धाकटा भाऊ, तायग. माझ्या हातचं खाऊन वाढलेला.

उंबऱ्यात तो थबकला. टोपी काढली आणि कुठल्याही घरात शिरताना आम्ही सगळेच म्हणतो ते म्हणाला, "या घरातल्या सगळ्यांचं देव भलं करो."

याला उत्तर दिल्यावाचून आमच्यात कुणाला राहवतच नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझंही करो, बाळा. ये, शेक जरा." आणि पाहुण्याला जागा देतात तशी मी चुलीपासून बाजूला सरकले.

त्याने बादली ओतली. खोलीभर वाफ आणि राख झाली. डोनख खोकायला लागला.

"घरी पोरं आहेत गं, ताई," तायग म्हणाला. मग ते पहारी घेऊन छप्पर पाडायला वर चढले.

तिसऱ्या दिवशी डोनख बांधाआड थंडीने गेला. तायग खड्डा खणायला आला होता, टोपी काढून. त्याची किळस मला आजही येते, नाही असं नाही. पण त्याला जागा मी करून दिली होती.